बाळा, घाई तेवढी नको

यवतमाळ,
कार्तिकी एकादशी

चि. बाळास,



दिवाळीत चार दिवस राहून गेलास आणि निघताना, चपला घालता घालता, म्हणालास की ही नोकरी आता सोडतो आणि ऑनलाइन एम.एस्सी. करतो, डेटा सायन्समध्ये. मी काही बोलायच्या आत तुझी गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. फोनवर हे बोलणं मला जमणारं नाही; फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणत असतोस आणि मागून कोणी तरी तुला हाक मारत असतं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं आहे. रात्री जेवण झालं, भांडी घासून झाली (ती रात्रीच घासून ठेवत जा रे, सकाळचा वेळ फार मोलाचा असतो), की मग सावकाश वाच.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू मोकळ्या मनानं वाचशील. नोकरी बदलायचा तुझा विचार मला पटला आहे. पाटणबोरी, करंजी, मोहदा अशा गावांतून दर आठवड्याला बायकांच्या गटाचे हप्ते गोळा करत फिरणं हे काम वाईट नाही, कर्ज दिलं की ते परत यायलाच हवं, पण ते काम तुझ्या स्वभावाला सोसत नाही हे मला कधीचंच दिसत होतं. त्या बाईची गोष्ट तू सांगितलीस ना, जिनं हप्त्यासाठी अर्धाच वेचलेला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर पडत्या भावात घातला आणि तुझ्या हातावर मोजून पैसे ठेवले, ती सांगताना तू ताटातली भाकर मोडायची थांबला होतास. ज्याला असं थांबायला होतं त्याच्याबद्दल मला काळजी नाही. तू वाईट वागशील, आळस करशील, कोणाला फसवशील, यातलं काहीही माझ्या मनात येत नाही. काळजी आहे ती एवढीच, की तुला सगळं फार लवकर हवं आहे.

वाट बदलणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आधी अमरावतीला शाळेत शिकवत होते, मग कायदा शिकले आणि यवतमाळला येऊन वकिली करू लागले, आणि पुढे सत्याग्रहात तुरुंगातही गेले. इतकं करून म्हातारपणी टिळकांवर संस्कृतात मोठं काव्य लिहिलं, ज्याला त्यांच्या मागे १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सांगायचं एवढंच की माणूस एका कामाला जन्माचा बांधलेला नसतो, आणि तू तर अजून तिशीसुद्धा गाठलेली नाहीस.

घरी बसून पदवी मिळवणं हेही तुम्हा मुलांना वाटतं तितकं कालपरवाचं नाही. विलायतेत मुक्त विद्यापीठ १९६९ साली निघालं आणि तिथले धडे बीबीसीवरून आडवेळेला लागायचे, कामावर जाणारी माणसं ते बघून शिकायची. आपल्या देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघालं, आपल्या शेजारीच म्हण ना, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. मग १९८५ मध्ये दिल्लीचं इंदिरा गांधी विद्यापीठ, ज्याला तुम्ही इग्नू म्हणता, आणि १९८९ च्या जुलैत नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पुण्याचे कुलगुरू राहिलेले राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, आणि ती गंगा घाटंजीजवळच्या एका शाळामास्तरणीच्या घरीसुद्धा आली, ते तुला ठाऊक आहेच.

मी तेव्हा डी.एड.वर प्राथमिक शाळेत होते. पदवी मिळाली तर पदवीधर शिक्षक म्हणून वरच्या वर्गांना शिकवता येईल, चार पैसेही वाढतील, म्हणून नाशिकच्या विद्यापीठात नाव घातलं. तुझे बाबा तेव्हा शाळेत जायचे, तुझी आत्या लहान, सासूबाई अंथरुणावर. दिवसात मोकळा वेळ शोधून सापडणारा नव्हताच, म्हणून मी तो दिवस उगवायच्या आधी काढला. पहाटे साडेचारला उठायचं, चूल पेटवून पाणी तापत ठेवायचं आणि त्या पाण्याला आधण येईपर्यंत पुस्तक उघडायचं. दार लोटलेलं, बाहेर अजून कोणी सडा टाकायला निघालेलं नाही, आणि समोर टपालानं आलेलं ते पुस्तक, ज्याच्या प्रत्येक घटकाच्या शेवटी प्रश्न असायचे आणि त्यांची उत्तरं मागच्या पानांवर. मी मागची पानं न बघता आधी स्वतः लिहायची. लिहायला वही विकत आणली नाही. वर्ष संपलं की शाळेतल्या मुलांच्या वह्यांत कोरी पानं उरायची, ती मुलांना विचारून फाडून घ्यायची, सारखी जुळवायची आणि दाभणानं दोरा ओवून शिवायची. काही पानं रेघी, काही चौकटीची, काही कोपऱ्यात शाईचा डाग पडलेली. तशा वह्यांत माझं सगळं बी.ए. झालं. त्यातली एक तुझ्या आईनं कपाटात जपून ठेवली आहे, बघ कधी तरी, पण अक्षराला हसू नकोस.

रविवारी यवतमाळला अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असायचं. एस.टी.नं यायचं, डब्यात पोळी-चटणी. त्या वर्गात एस.टी.चे वाहक होते, पोलीस होते, अंगणवाडीच्या बाया होत्या, एक जण तर दुकान मुलाच्या भरवशावर टाकून यायचा. बहुतेकांना घाई नव्हती. यंदा दोन विषय राहिले तर पुढल्या वर्षी देऊ, असं म्हणणारी माणसं होती ती, आणि त्यातल्या बहुतेकांनी पदवी घेतली. जे भराभर करू म्हणाले आणि सगळे विषय एकदम ओढायला गेले, ते मधेच दिसेनासे झाले. त्या वर्गात मी मराठी आणि इतिहास शिकले ते शिकलेच, पण कोण टिकतं आणि कोण गळतं हे तिथे फार जवळून बघितलं, आणि म्हणूनच तुला इतकं सांगायचा मला धीर होतो आहे.

तेव्हा राजा, माझं पहिलं मागणं हे, की राजीनामा देऊ नकोस. आत्ता आपल्या वावरात जा आणि बघ, कपाशीच्या तासांमधून तुरीचं तास उभं आहे. दोन्ही एकाच पावसात पेरलेली. कपाशी आता वेचायला आली, घरात दोन पैसे येऊ लागले, आणि तूर अजून हिरवीच, आत्ता कुठे फुलं-शेंगा धरते आहे, तिला जानेवारी लागेल. कोणी शहाणा माणूस तूर आली नाही म्हणून कपाशी उपटत नाही, आणि कपाशी वेचून झाली म्हणून तुरीचं तासही मोडत नाही. तुझी नोकरी ही तुझी कपाशी आहे. तिच्यावर खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल आणि बाबांच्या हातात देतोस ते पैसे भागतात. अभ्यास हे तुरीचं तास. ते तिच्या सोबतच वाढू दे.

दुसरं, त्या पोरीच्या फोनबद्दल. बंगळुरूहून की कुठून रोज फोन येतो, "सर, शेवटच्या दोनच जागा उरल्या आहेत, आज नाव नोंदवलं तर फीमध्ये सूट, पैसे हप्त्यानं भरा," असं ती म्हणते, हे तूच सांगितलंस. ती पोरगी वाईट नसेल, तिचंही ते पोटच आहे, तुझ्यासारखंच तिलाही महिन्याचा आकडा पुरा करायचा असेल. पण ज्या विद्यापीठात शिकायचं त्याच्याशीच बोलावं, मधल्या माणसाशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे की कोणत्याही विद्यापीठाला आपला दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम त्या पोरीच्या कंपनीसारख्या, शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांना ठेका दिल्यासारखा चालवायला देता येत नाही. त्याच्या आधी महिनाभर, २०२१ च्या डिसेंबरात, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं लोकांना सावध केलं होतं की अशा कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापून घ्यायची परवानगी देऊ नका आणि सहीच्या कागदात कर्ज दडलेलं नाही ना ते बघा. तू हप्ते वसूल करणारा माणूस, बाळा. हप्त्याच्या कागदावर बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं हे तुला मी शिकवायला नको. गावातल्या बाईला जसं वाचून दाखवतोस तसं स्वतःलाही मोठ्यानं वाचून दाखव.

मान्यता बघायची ती आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर. तिथे कोणत्या विद्यापीठाला कोणत्या सत्रासाठी कोणता अभ्यासक्रम चालवायची परवानगी आहे याची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव यादीत आहे म्हणून भागत नाही, तुझा अभ्यासक्रम आणि तुझं सत्र दोन्ही त्यात हवं. इग्नूची गोष्ट वेगळी, पण दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ 'आमचं दूरशिक्षणाचं केंद्र यवतमाळात आहे' म्हणालं तर तिथूनच मागे फिर, कारण दूरशिक्षणाला आपापल्या हद्दीचं बंधन आहे. पुरत्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला ते नाही. २०२४ पासून प्रवेशाआधी त्या ब्युरोचा स्वतःच्या नावाचा ओळख क्रमांकही काढावा लागतो, तो तुझा तूच काढ, कोणाला आधार आणि मोबाइलवर आलेला आकडा सांगून काढून घेऊ नकोस. एवढं सगळं नीट असलं तर मग मनात कमीपणा ठेवायचं कारण नाही. मान्यता असलेल्या ऑनलाइन पदवीला वर्गात बसून घेतलेल्या पदवीइतकंच धरायचं, हे आयोगानं २०२२ च्या सप्टेंबरात कळवलेलं आहे. शेजारचे काका काहीही म्हणोत.

आता जरा तुझ्या गणिताबद्दल बोलू. रागावू नकोस. अकरावीत तू गणित घेतलं नाहीस, चिटणिसाची कार्यपद्धती घेऊन बारावी झालास आणि मग बी.कॉम. त्यात काही बिघडलं नाही, तेव्हा ते सोयीचं होतं. पण डेटा म्हण, ॲनालिटिक्स म्हण, त्याच्या पोटात सगळं गणित आणि संख्याशास्त्रच आहे. एम.सी.ए.ला किंवा तसल्या अभ्यासक्रमाला जाताना बहुतेक ठिकाणी विचारतात की बारावीला किंवा पदवीला गणित होतं का. नसेल तर कोणी वरचे पूरक विषय करून घेतात, कोणी दारातच अडवतात. आणि कोणी न विचारता घेतलंच, तर पहिल्याच सहामाहीत ते गणित समोर येऊन उभं राहील, तेव्हा फी भरून झालेली असेल.

म्हणून हा हिवाळा गणिताला दे. बालभारतीची अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेची गणित आणि संख्याशास्त्राची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मोबाइलमध्ये उतरवून घे. त्यात संभाव्यता आहे, निर्देशांक आहेत, एका गोष्टीच्या आकड्यांवरून दुसरीचा अंदाज बांधायचा रीग्रेशनचा धडा आहे. जूनचा पाऊस किती झाला त्यावरून दिवाळीला कापूस किती निघेल, हे तुझे आबा खळ्यात उभं राहून बोटांवर सांगायचे. तेच तिथे कागदावर मांडायला शिकवतात. रोज पहाटे एक तास, एक उदाहरणसंग्रह, उत्तरं मागे बघायची नाहीत. तू राहतोस त्या पांढरकवड्याला या दिवसांत थंडी छान पडते, डोकं ताजं असतं, आणि तुझी पहिली बैठक सकाळी आठला असते म्हणालास, म्हणजे पाच ते सहा ही वेळ कोणी तुझ्याकडून घेऊ शकत नाही. रात्री अकरापर्यंत मोबाइल बघत पडलास तर मात्र ती तुझी तूच घालवशील. लवकर झोप रे बाळा. सगळं त्यात आलं.

मग जानेवारी लागेल. केंद्र सरकारनं २०१७ च्या जुलैत 'स्वयम्' नावाचं दालन सुरू केलं, त्यावर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचे तास फुकट बघता येतात; एन.पी.टी.ई.एल. म्हणून त्यांचा जो उपक्रम आहे त्याची सत्रं साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं थोडं शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. त्यातला डेटाचा किंवा पायथनचा एखादा अभ्यासक्रम घे आणि दर आठवड्याचं काम वेळेवर देऊन, परीक्षेसकट, शेवटपर्यंत पुरा कर. इंग्रजीला बिचकू नकोस, पहिले दोन आठवडे जड जाईल, मग कान बसतो. काही अभ्यासक्रमांचे मराठी अनुवादही त्यांनी केले आहेत. तो एक अभ्यासक्रम तू नोकरी सांभाळून, पावसापाण्यात, लग्नसराईत, कंपनीची मार्चअखेरची धावपळ सोसून पुरा केलास, तर एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. तू पुरं करशील, याबद्दल मी कोणाशीही पैज घेईन. आणि समजा मधेच कळलं की हे आपल्याला रुचत नाही, तर ते कळायला तुझा एक रुपयाही गेलेला नसेल.

इतकं झालं की जुलैच्या सत्राला खुशाल प्रवेश घे. इग्नूचं एम.सी.ए. दूरशिक्षणानंही होतं आणि ऑनलाइनही. दोन वर्षांचं आहे, पण पुरं करायला चार वर्षांपर्यंत मुभा असते. नाशिकच्या विद्यापीठाचे अभ्यासक्रमही बघ, त्यांचं विभागीय केंद्र अमरावतीला आहे, काही अडलं तर सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. ती चार वर्षांची मुभा मला फार आवडते. ज्यांनी नियम केला त्यांनी कामकरी माणसाचा विचार केला आहे. घरात आजारपण येतं, बदली होते, एखादं सत्र हातून जातं. तेव्हा थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दोन वर्षांत होणारच नाही असं मी म्हणत नाही, तू हुशार आहेस, होईलही. पण तीन लागली तर जीवाला लावून घेऊ नकोस.

विषय कोणता घ्यावा, यावर मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तू म्हणतोस डेटा, कारण सगळे म्हणतात डेटा. वाढणारी क्षेत्रं म्हणून जी नावं तू घेतलीस, डेटा, सायबर सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य, ती खरीच वाढत आहेत, पण त्या दारांपुढे तुझ्यासारखी किती पोरं उभी असतील याचाही विचार कर. तलाठ्याच्या २०२३ च्या भरतीत ४६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते, तुझे तीन मित्रही त्यात होते, आणि अभ्यासिकेत अजूनही सकाळपासून रांगेनं मुलं बसलेली दिसतात, बघून पोटात कालवतं. जिकडे सगळे धावतात तिकडे तूही नुसता धावलास तर एक गर्दी सोडून दुसऱ्या गर्दीत जाशील. पण तुझ्याजवळ असं काही आहे जे पुण्या-बंगळुरूच्या पोरांजवळ नाही, आणि ते तुला इतकं अंगवळणी पडलं आहे की तू ते जमेलाच धरत नाहीस.

बघ, आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी मोबाइलवर आपल्या वावरातलं पीक नोंदवतो. मग ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. पीकविमा कंपन्या आणि सरकार उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचा अंदाज बांधू लागले. बँका आणि तुझ्यासारख्या कर्ज देणाऱ्या कंपन्या कोणाला किती कर्ज द्यावं हे आकड्यांवरून ठरवू लागल्या. या सगळ्या माहितीचे ढीग कुठे तरी संगणकात पडले आहेत आणि ते वाचायला माणसं लागणार आहेत. आता ते वाचणाऱ्याला जर हेच ठाऊक नसेल की यवतमाळच्या वावरात कपाशीत तूर असते, की ऑक्टोबरात हप्ता थकला म्हणजे बाई बुडवी आहे असं नसतं, तिचा कापूस अजून झाडावर असतो, आणि डिसेंबरात तीच बाई दोन हप्ते एकदम भरते, तर तो काय वाचणार? तो तिच्या नावापुढे लाल खूण करून मोकळा होईल. तू करणार नाहीस. तू त्या ओसरीवर बसला आहेस, तिनं दिलेलं पाणी प्यायला आहेस.

म्हणून मला वाटतं, नुसतं डेटा शिकू नकोस; शेतीची, कर्जाची, विम्याची माहिती वाचणारा माणूस हो. तुझी आताची नोकरी हा त्याचाच अभ्यास आहे, पगारासकट. आजपासून एक वही कर: कोणत्या गावात कोणत्या महिन्यात हप्ते थकतात, तेव्हा पाऊस कसा होता, बाजारात भाव काय होता, बाई काय म्हणाली. नावं लिहू नकोस कोणाची, ती त्यांची खाजगी गोष्ट आहे, आणि कंपनीचे कागद उतरवून घेऊ नकोस. फक्त तुझ्या डोळ्यांना दिसलं ते लिही. वर्ष-दोन वर्षांनी पदवीचा प्रकल्प करायची वेळ येईल तेव्हा सगळे विद्यार्थी इंटरनेटवरून कुठल्या तरी परदेशातल्या घरांच्या किमतींची आकडेवारी घेऊन बसतील, आणि तुझ्यापुढे प्रश्न असेल तो केळापूर तालुक्याचा, तुझ्या पायांनी चालून आणलेला. मुलाखतीला गेलास की तेच बोल. समोरच्या माणसाला ते नवं असेल.

पैशाचंही सांगते, मग थांबते. फी कर्जानं भरायची नाही. जुलैला अजून सात-आठ महिने आहेत, पोस्टात आर.डी. उघड, पगार झाला की त्याच दिवशी त्यात टाक, उरलं तर टाकू असं म्हणशील तर कधीच उरत नाही. सरकारी विद्यापीठांची फी त्या पोरीनं सांगितलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी असते, स्वतः माहितीपुस्तिका उघडून बघ. नवा लॅपटॉप आत्ताच नको. तुझ्या आतेभावाचा जुना पडून आहे, त्याला विचारलं मी, तो देतो म्हणाला. पायथन शिकायला तो पुष्कळ झाला. पेट्रोलचा खर्च लिहीत जा. बाहेरचा चहा दिवसातून एकदाच. हे सगळं मी तुला कंजूष करायला सांगत नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता नसतो त्याला नको त्या नोकरीला 'नाही' म्हणता येतं, आणि पदवी झाल्यावर पहिलं जे मिळेल ते पकडायची पाळी येत नाही, हे तू रोज लोकांच्या घरी बघतोस, माझ्यापेक्षा जास्त बघतोस.

वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, २०२४ च्या फेब्रुवारीत, आणि आपल्याकडचे सगळे म्हणतात आता यवतमाळ लांब नाही, पोरं पटापट बाहेर जातील. जाऊ देत. तुलाही जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही. पण घर सोडायच्या आत विद्या पदरात घेऊन जा, आणि ती आता घरबसल्या मिळते आहे, हे केवढं सुख आहे! आम्हाला टपालाची वाट बघावी लागायची.

आई म्हणते तू बारीक झाला आहेस. दुपारचा डबा चुकवू नकोस. शेंगदाण्याची चटणी आणि थोडे सांडगे या शनिवारी येणाऱ्या काकांबरोबर पाठवते, डबा परत दे त्यांच्याजवळ.

आणि एक काम कर. कोणत्या विद्यापीठात जायचं मनात आहे त्याचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि सत्र, असं तिन्ही एका चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात घालून पाठव. आयोगाच्या यादीत ते आहे का हे तुझी आई आणि मी मिळून बघतो आणि तुला कळवतो. तोवर त्या पोरीला एक पैसाही देऊ नकोस.

तुझी,
आजी